जुनी इनोव्हा: माणसं भरली की सुधारणारी गाडी

टोयोटाच्या जुन्या इनोव्हाची टेस्ट ड्राइव्ह एकट्यानं घेऊ नका. मोकळी गाडी हातात आली की वाटतं, या धुडाचं लोकांना एवढं काय कौतुक? स्पीडब्रेकरवर मागचं अंग उडतं, क्लच जड, आणि गिअरचा लांब दांडा न्यूट्रलला इंजिनाबरोबर थरथरत असतो. मग घरची सात माणसं, त्यांच्या पिशव्या आणि येताना आंब्याच्या दोन पेट्या घालून तीच गाडी चालवा. मागची बाजू खाली बसते, उड्या थांबतात, गाडी निवांत रस्ता धरते. वर्षभर वापरल्यावर माझं मत पक्कं झालंय: ही गाडी मागं बसणाऱ्यांसाठी बनवलीय, चालवणाऱ्यानं तेवढं सोसायचं.

आमची २०११ची. अडीच लिटर डिझेल, आठ सीटची, मधलं मॉडेल, एका मालकाच्या हातची. घरात आई-बाबा, आम्ही दोघं, दोन मुलं, आणि सुट्टीत बहीण तिच्या लेकीला घेऊन कोल्हापुरात येणार म्हणजे येणारच. अर्टिगाही बघितली होती. चालवायला हलकी, अ‍ॅव्हरेज चांगलं. पण तिसऱ्या रांगेत बाबांना बसवून बघितलं आणि विषय तिथंच मिटला. इनोव्हाच्याच नंतरच्या पिढ्या, क्रिस्टा किंवा हायक्रॉस, नव्या घ्यायच्या तर बजेटच्या बाहेर.

मोकळी असताना ती का उडते, याचं उत्तर तिच्या खालच्या सांगाड्यात आहे. इनोव्हा भारतात आली फेब्रुवारी २००५ मध्ये, क्वालिसच्या जागी. क्वालिस चांगली खपत असताना बंद केली म्हणून तेव्हा लोक हळहळले होते, वडापवाले, म्हणजे शेअर गाडीत प्रवासी नेणारे, तर जास्तच. दोन्ही गाड्या मूळच्या टोयोटाच्या इंडोनेशियातल्या किजांग या गाडीच्या घराण्यातल्या. क्वालिसला मागं पाटे, म्हणजे पट्ट्यांचे स्प्रिंग होते, इनोव्हाला कॉइल स्प्रिंग आले, बसणाऱ्याच्या कमरेला आराम पडला. बाकी तब्येत तीच: लॅडर फ्रेम चॅसिस, म्हणजे शिडीसारखा लोखंडी सांगाडा, त्यावर बॉडी, ताकद मागच्या चाकांना. टोयोटाच्या हायलक्स पिकअप आणि फॉर्च्युनरही याच आयएमव्ही नावाच्या सामाईक पायावर उभ्या आहेत. गाडीचं स्वतःचं वजन दीड टनाच्या वर, त्यात आठ माणसं धरून स्प्रिंग बसवलेले. एकटा माणूस बसला तर त्या स्प्रिंगना दाबायला काही नसतं.

इंजिनाचंही तसंच. २४९४ सीसी, कॉमन रेल, टर्बो. ताकद १०२ पीएस, टॉर्क २०० न्यूटन मीटर. आजच्या छोट्या एसयूव्ही कागदावर याच्या पुढं जातात. पण हा टॉर्क १४०० आरपीएमला हाती येतो आणि ३४०० पर्यंत टिकतो, आणि घाटात कामाला येतो तो नेमका हाच पट्टा. रत्नागिरीहून येताना साखरपा सोडला की आंबा घाट लागतो. गाडी भरलेली, एसी चालू, पुढं उसासारखा हलणारा ट्रक. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन न कुरकुरता चढत राहतं. काटा १४०० च्या खाली गेला मात्र, की गाडी मेली. वळणावर तिसरा गिअर तसाच ठेवला तर टर्बो उचलत नाही, म्हणून वळायच्या आधीच दुसरा टाकायचा. ही सवय लागायला थोडे दिवस जातात. वर ३५०० च्या पुढं नुसता आवाज, वेग नाही. हायवेला ८० वरून १०० ला जाऊन ओव्हरटेक करायचं म्हणजे समोरचा रस्ता रिकामा बघूनच.

आवाजाबद्दल खोटं कशाला बोलू. सकाळी गाडी सुरू केली की गल्लीला कळतं. गरम झाली की खडखड कमी होते, पण जात नाही. अ‍ॅव्हरेज शहरात अकरा, हायवेला ८०-९० च्या वेगात तेरा-साडेतेरा. टाकी ५५ लिटरची, त्यामुळे लांबच्या प्रवासात पंपाची चिंता नसते. सर्व्हिसिंगला ऑइल मात्र छोट्या गाडीच्या दुप्पट लागतं, सात लिटरच्या आसपास. पहिल्यांदा बिल बघून दचकू नका.

आता मागच्या बाजूकडं. आईचे गुडघे दुखतात. आमच्या आधीच्या सेडानमध्ये तिला खाली वाकून बसावं लागायचं, भावाच्या स्कॉर्पिओत वर चढावं लागतं. इनोव्हाची सीट बरोबर तिच्या कमरेच्या उंचीला येते. दार उघडलं की ती पाठमोरी होऊन सीटवर टेकते आणि मग दोन्ही पाय आत घेते, कुणाचा हात धरावा लागत नाही. या एका गोष्टीसाठी मी क्लचचा जडपणा माफ केलाय. २७५० मिलिमीटरच्या व्हीलबेसमुळे तिसऱ्या रांगेतही मोठा माणूस बसतो. तिथं गुडघे जरा वर येतात खरे, पण कोल्हापूर ते गणपतीपुळे कुणी तक्रार केलेली नाही. मधल्या रांगेची सीट एका खटक्यात पुढं दुमडते, त्यामुळे मुलं आपापली मागं जातात. मागच्या लोकांना छतात एसीच्या जाळ्या आणि ब्लोअरचं वेगळं बटण आहे. मेमधल्या दुपारीसुद्धा बाबा शेवटून ‘जरा कमी करा’ म्हणतात.

तिन्ही रांगा भरल्या की डिकी नावापुरती. दोन मऊ बॅगा आणि खाऊची पिशवी, संपलं. मोठं सामान असेल तर तिसऱ्या रांगेतली एक सीट उचलून बाजूला पट्ट्यानं अडकवतो किंवा कॅरिअरवर टाकतो. स्टेपनी गाडीच्या पोटाखाली साखळीला टांगलेली असते आणि हँडल घालून, फिरवून खाली घ्यावी लागते. पावसाळ्यात ती साखळी चिखलानं घट्ट होते. भर पावसात, रस्त्याकडेला आडवं पडून हा उद्योग करायचा नसेल तर पावसाआधी एकदा उतरवून ग्रीस लावून ठेवा.

सुरक्षेबाबत विचार करूनच घ्या. आमच्या मॉडेलला एअरबॅग नाहीत. पुढं डिस्क, मागं ड्रम ब्रेक. एवढं वजन भरून उतारावर ब्रेकवरच विसंबणं बरं नाही, गिअरवर उतरावं लागतं. मी ९० च्या वर जात नाही आणि मागच्या रांगेतल्यांना बेल्ट लावल्याशिवाय गाडी हलत नाही. तरीही नव्या गाडीच्या तुलनेत ही उणीव मोठीच आहे, मजबूत लोखंडाच्या गप्पांनी ती भरून निघत नाही.

दुरुस्तीला सगळ्यात मोठा आधार म्हणजे ही गाडी सगळ्यांना येते. उद्यमनगरातल्या आमच्या मेस्त्रींनी बॉनेट न उघडता, नुसत्या आवाजावरून ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू व्हायला मदत करणारा तापणारा प्लग) गेल्याचं सांगितलं. (टोयोटा किर्लोस्कर या कंपनीच्या नावातच किर्लोस्कर असल्यामुळे बाबांना ती किर्लोस्करवाडीजवळच्या आपल्या कुंडलची गाडी वाटते. बनली कर्नाटकातल्या बिडदीत, पण त्यांना कोण सांगणार.) वर्षात सस्पेन्शनचे बुश, क्लच सेट आणि टायमिंग बेल्ट झाला. बेल्ट कधी बदललाय याची पावती नसेल तर घेतल्या घेतल्या बदला. तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि खर्च हाताबाहेर जातो.

शोधत असाल तर किलोमीटरच्या आकड्यावर जाऊ नका, तो कमी करून देणारे चिकार आहेत. पेडलचं रबर, ड्रायव्हर सीटची कड आणि स्टिअरिंगची झिलई बघा. टॅक्सीच्या पिवळ्या पाटीवरून खासगी पांढरीवर आलेली गाडी आरसीच्या इतिहासात कळते. दिल्लीकडं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यानं तिकडचा माल इकडं स्वस्तात येतो. तो घेताना तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) आणि इथला टॅक्स धरून हिशोब करा. कोकणातली असेल तर लिफ्टवर चढवून चॅसिसचा गंज बघा, वरचा रंग काही सांगत नाही.

आमची पंधरा वर्षं २०२६ मध्ये भरतायत. म्हणजे आरटीओत पुन्हा पासिंग, पर्यावरण कर, मग पुढची पाच वर्षं. नवी नंबरप्लेट लावून झालीय. मेस्त्रींनी यादी दिलीय: पुढचे दोन टायर, हँडब्रेकची केबल, हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचा. काचांचं काम या आठवड्यात टाकलंय.