ग्रुप की कट्टा? तांत्रिक चर्चा वाचायची तर कुठे

घाटकोपरला मेट्रोच्या रांगेत आमच्या टीममधल्या नव्या मुलाने विचारलं, "दादा, तुम्ही अजून स्लॅशडॉट वाचता? ग्रुपवर सगळं आधीच येऊन गेलेलं असतं." प्रश्न रास्त होता. मी दोन्हीकडे आहे. सिस्टिम ॲडमिन मंडळींच्या एका मोठ्या चॅट ग्रुपवर सहा वर्षं, आणि स्लॅशडॉट या तंत्रज्ञानावरच्या चर्चांच्या जुन्या संकेतस्थळावर कॉलेजपासून, बहुतेक काळ वाचनमात्र. रांगेत त्याला नीट सांगता आलं नाही, ते इथे लिहितो.

वेगात ग्रुप पुढे, यात वादच नाही. २९ मार्च २०२४ ला एक्सझेड या फायली आवळणाऱ्या लिनक्सवरच्या साधनातलं चोरदार (बॅकडोअर, म्हणजे आत शिरायची छुपी वाट) उघड झालं ते मला ग्रुपवरच कळलं. गुड फ्रायडेची रात्र होती. कुठल्या सर्व्हरवर त्याच्या ५.६.० किंवा ५.६.१ या बाधित आवृत्त्या आहेत का, ते लगेच तपासून घेतलं आणि निवांत झोपलो. पण हा प्रकार घडला कसा, हे उमगलं दुसऱ्या दिवशी चर्चेचे धागे वाचताना. अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला (दुरून सर्व्हरमध्ये शिरायला) नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढंच खटकलं होतं. घातक कोड चाचणीच्या फायलींमध्ये दडवलेला होता, आणि त्याला वाट करून देणारी स्क्रिप्ट फक्त टारबॉलमध्ये, म्हणजे वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होती, गिटमधल्या सगळ्यांना दिसणाऱ्या मूळ कोडमध्ये नव्हतीच. एक जण हे उलगडून सांगत होता, दुसरा त्यात दुरुस्ती करत होता, तिसरा आपल्या कंपनीत टारबॉल कसे तपासतात ते लिहीत होता. ग्रुपवर तोवर विषय बदललेला.

तरीही एवढ्यावरून मी बाजू घेतली नसती. माझा निर्णय एका रात्रीने केला.

रात्रीचे दोन. एका ग्राहकाचा सर्व्हर फाईलच लिहू देईना, डिस्क भरल्याची तक्रार करत होता. डीएफ ही मोकळी जागा दाखवणारी आज्ञा चालवून पाहिली तर चाळीस टक्के जागा मोकळी. हेच कोडं सहा महिन्यांपूर्वी ग्रुपवर सुटलेलं मला पक्कं आठवत होतं, उत्तर देणाऱ्याचं नावही आठवत होतं. पण मधल्या काळात मी फोन बदलला होता आणि जुने मेसेज आलेच नव्हते. ग्रुपवर विचारलं. एकच जण जागा होता. त्याने लिहिलं, "झालंय यावर बोलून, वर बघा." वर काहीच नव्हतं.

मग ब्राउझरमध्ये शोधलं, आणि अकरा वर्षं जुन्या एका चर्चेत, खालच्या एका प्रतिसादात, दोन ओळी सापडल्या: संपली ती जागा नाही, आयनोड (प्रत्येक फाईलमागे लागणाऱ्या नोंदी) संपलेत, डीएफला आय लावून बघा. बघितलं, शंभर टक्के. पीएचपीच्या सेशनच्या (वेबसाइटवर येणाऱ्यांच्या तात्पुरत्या नोंदींच्या) लाखो बारीक फायली साचल्या होत्या. त्या आरएम या पुसायच्या साध्या आज्ञेने जात नाहीत, यादी फार लांब म्हणून तो हात वर करतो, फाइंड या शोधायच्या आज्ञेने काढा, हेही त्याच्याच खाली दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेलं. अडीचला सर्व्हर सुरू झाला. ग्रुपवरचं उत्तर याहून वाईट नव्हतं. ते फक्त उरलं नव्हतं.

मायबोलीवर वावरलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. जुने आयडी, त्यांचं एकमेकांशी बोलणं आणि पंधरा वर्षांपूर्वीचा धागा अजून जागच्या जागी, यातूनच माणूस एखाद्या ठिकाणचा होतो.

स्लॅशडॉटचं म्हणाल तर १९९७ मध्ये रॉब माल्डाने सुरू केलेल्या या कट्ट्यावर प्रतिसादांना उणे एक ते पाच असे गुण मिळतात. गुण देण्याचा हक्क वाचकांकडे आळीपाळीने येतो, तोही मोजका, आणि ज्या चर्चेत आपण बोललो तिथे तो वापरता येत नाही. मी पातळी चारवर ठेवतो, म्हणजे त्याहून कमी गुणांचे प्रतिसाद मिटलेले राहतात. कळवा-मुंब्र्याला माझी रेंज हमखास जाते, पण चौथ्या सीटवर अर्धं टेकून बसल्यावरही तेवढे निवडक प्रतिसाद आधीच उघडलेले असतात आणि ठाणं येईतो वाचून होतात. फेब्रुवारी २०१४ मध्ये तिथे नवं रूप आणू लागले तेव्हा वाचकांनी आठवडाभर बहिष्काराची हाक दिली आणि ते रूप अखेर गुंडाळलं गेलं. आपलं घर समजल्याशिवाय कुणी एवढं भांडत नाही.

आता तिथली वर्दळ पूर्वीची नाही, हे मान्य करतो. नव्या मुलाला एआयची साधनं, नोकऱ्या, पगार यांवर बोलायचं असेल तर त्याला ग्रुपच बरा वाटेल, आणि मराठीत विचारता येतं ही सोय मोठी आहे. वर्दळही हवी आणि जुनं जपलेलंही हवं, तर २००७ पासूनचं हॅकर न्यूज हे चर्चास्थळ कदाचित जास्त सोयीचं पडेल. तिथे चित्रं नाहीत, नुसता मजकूर. रेडिटवर माहिती अफाट आहे, पण २०२३ च्या जूनमध्ये एपीआयच्या (बाहेरच्या ॲपना रेडिटची माहिती पुरवणाऱ्या सोयीच्या) दरांवरून हजारो समूहांनी दारं बंद केली, तेव्हापासून मी तिथे जरा हात राखून असतो.

ग्रुप मी सोडलेला नाही. सूचनांचा आवाज बंद केलाय, दिवसातून दोनदा बघतो. त्या मुलाला आयनोडच्या त्या चर्चेचा दुवा पाठवला. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "दादा, याच्या खालचे बाकीचे प्रतिसाद वाचलेत का तुम्ही?"