वायरलेस ब्रिज आणि मेश: एक पावसाळा काढल्यावर लिहितोय

मध्यंतरी ऑफिसच्या ग्रुपवर मी या ब्रिजला आणि मेशला नावं ठेवली होती, त्याचा हा पुढचा भाग. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण डीलरशी भांडण अजून मिटलेलं नाही. ब्रिज म्हणजे दोन इमारतींचं नेटवर्क हवेतून जोडणारे ५ गिगाहर्ट्झचे दोन आउटडोअर रेडिओ, एक ऑफिसच्या गच्चीवर आणि एक रस्त्यापलीकडच्या गोडाऊनवर, मध्ये साधारण ४०० मीटर. गोडाऊनच्या आत तीन मेश ॲक्सेस पॉइंट, म्हणजे एकमेकांशी हवेतूनच जोडलेले वाय-फायचे डबे. जागा भोसरी एमआयडीसी. स्पेसिफिकेशन सगळ्यांना माहीत असतं, ते पुन्हा देत नाही.

गेल्या गुरुवारी वीज गेली आणि आली, तशी गोडाऊनकडच्या रेडिओचा पॉवर अडॅप्टर गेला. रेडिओ ठणठणीत. डीलरला फोन केला तर म्हणतो, "सर, वॉरंटी रेडिओला आहे, अडॅप्टर कन्झ्युमेबलमध्ये येतो." अहो, अडॅप्टर काय प्रिंटरची शाई आहे? रेडिओच्याच खोक्यातून आला, रेडिओच्याच बिलात बसला, आणि बिघडला की वेगळा?

हा अडॅप्टर २४ व्होल्टचा, पॅसिव्ह, म्हणजे पलीकडे काय आहे ते न बघता नेटवर्कच्या केबलमधून वीज सोडणारा. आमच्याकडे ४८ व्होल्टचा पीओई स्विच (हाही नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देतो, पण ८०२.३एएफ या मानकाप्रमाणे) यूपीएसवर आधीच होता. पण तो आधी पलीकडच्या उपकरणात २५ किलोओमचा ठरलेला रोध सापडतो का ते तपासतो, सापडला तरच वीज सोडतो. या रेडिओत तो नाही, म्हणून स्विच ढिम्म. म्हणजे दोन्ही टोकांना वेगळा अडॅप्टर, वेगळा सॉकेट, आणि तो सॉकेट थेट मेनवर. नेटवर्कचा एवढा पसारा यूपीएसवर, आणि लिंक मात्र काळ्या डबीच्या भरवशावर. डबीला भिंतीवर ठोकायला भोकसुद्धा नाही. 'लॅन' आणि 'पीओई' ही दोन पोर्ट शेजारी-शेजारी, दिसायला जुळी. चुकून पीओईत लॅपटॉप लावला तर ही डबी काही न विचारता त्याच्याही वायरीत २४ व्होल्ट सोडते. शेवटी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. ते सुचवलं स्टोअरमधल्या मॅडमनी, कंपनीने नाही.

फायबर का नाही टाकली, असं विचारणारे विचारतीलच. रस्ता खोदायचा तर परवानगी, आणि आधी वरून टाकलेली केबल एका कंटेनरने ओढून नेली होती. म्हणून ब्रिज.

पहिले काही महिने मी खूश होतो. मे महिन्यात सिग्नल उणे ५८ डीबीएम (शून्याच्या जितका जवळ तितका चांगला), ई-वे बिल पटापट निघायची. जूनमध्ये पाऊस लागला आणि आकडा उणे ७४ वर गेला. सगळे म्हणायला लागले, पावसात वायरलेस चालतच नाही. मीही डीलरला तसंच सुनावलं. पण पाऊस थांबल्यावरही तासभर सिग्नल पडलेलाच असायचा, तेव्हा शंका आली. ५ गिगाहर्ट्झला ४०० मीटरवर पावसाचं फारसं काही वाटत नाही, तो त्रास ६० गिगाहर्ट्झच्या लिंकना. आमच्या वाटेत होता गुलमोहर. उन्हाळ्यात विरळ, जूनमध्ये पालवी भरगच्च आणि ओली. गच्चीवरून बघितलं तर समोरचा रेडिओ स्वच्छ दिसायचा, फांद्या खालच्या अंगाला. पण नुसतं दिसून भागत नाही. दोन रेडिओंमधली मोकळी जागा मध्यावर फुगते, तिला फ्रेनेल झोन म्हणतात. ५.८ गिगाहर्ट्झ आणि ४०० मीटरला मध्यावर तिची त्रिज्या सुमारे २.३ मीटर येते, आणि त्यातली निदान साठ टक्के तरी मोकळी हवी. झाड तोडायचा प्रश्नच नव्हता. दोन्हीकडे रेडिओखालचा जीआय पाइप दोन-दोन मीटर वाढवला. आता ओल्या पानांतही आकडा उणे ६१ च्या खाली गेलेला नाही. वेल्डरने पाइपचे जेवढे घेतले तेवढ्यात एकाही रेडिओचा डबा आला नसता.

तरीही अधूनमधून लिंक मिनिटभर गायब व्हायची, अगदी लख्ख उन्हातसुद्धा. लॉगमध्ये 'रडार डिटेक्टेड'. बसवणाऱ्या मुलाने चॅनल 'ऑटो'वर ठेवला होता आणि रेडिओ १०० वर जाऊन बसला होता. ५२ ते १४४ हे चॅनल रडारसोबत वाटून घ्यायचे. रडारची चाहूल लागली, खरी किंवा खोटी, की रेडिओने दहा सेकंदांत तिथून उठायचं आणि अर्धा तास परत यायचं नाही. नवा चॅनलही त्याच पट्ट्यातला निघाला तर बोलण्याआधी पूर्ण मिनिट नुसतं ऐकत बसायचं. लोहगावचं विमानतळ आम्हाला काही लांब नाही. भारतात २०१८ पासून ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झचा पट्टाही विनापरवाना खुला आहे, तिथे ही भानगड नाही. चॅनल १६५ पक्का केला, रुंदी ८० वरून २० मेगाहर्ट्झवर आणली. खोक्यावर ८६७ एमबीपीएस छापलंय, तिकडे बघूही नका. २० वर आम्हाला शंभरच्या आसपास खरे मिळतात, आणि टॅली, बारकोड स्कॅनर, दोन कॅमेरे त्यात आरामात बसतात.

म्हणून ब्रिजबद्दल मध्यंतरी ऑफिसच्या ग्रुपवर जे लिहिलं होतं ते मागे घेतो. रेडिओ चांगले आहेत.

मेशबद्दल मात्र मागे घेण्यासारखं काही नाही. पहिला ॲक्सेस पॉइंट केबलवर, दुसरा त्याच्याशी हवेतून, तिसरा दुसऱ्याशी हवेतून. यात बॅकहॉलला, म्हणजे ॲक्सेस पॉइंटनी आपसात बोलायला, वेगळा रेडिओ नाही. त्याच रेडिओने आधी ऐकायचं, मग पुढे सांगायचं, म्हणजे प्रत्येक टप्प्याला वेग साधारण निम्मा. वर मधल्या रॅकवर पत्र्याच्या शीटचे गठ्ठे. तिसऱ्याखाली स्कॅनर बीप करून पावती येईपर्यंत पोरगा पुढचं खोकं उचलायचा, आणि दोन नोंदी एकावर एक. डीलरचा उपाय: अजून एक मेश डबा. मी आमच्या इलेक्ट्रिशियनला सांगितलं, ट्रसवरून (छताच्या लोखंडी सांगाड्यावरून) कॅट-६ नेटवर्क केबल ओढ. अर्ध्या दिवसात तिसरा थेट केबलवर आला. फक्त पोर्ट लावायच्या आधी त्याचं मेश बंद केलं, नाहीतर हवेतून आणि वायरीतून लूप होऊन, म्हणजे तोच डेटा गोल गोल फिरत राहून, सगळंच आडवं झालं असतं. ट्रस असलेल्या शेडमध्ये मेश विकणं म्हणजे निव्वळ डीलरची सोय. कोट देताना केबल ओढायची मजुरी लिहायला नको, डबे मोजले की झालं.

पुढच्या शेडसाठी मालकांना सांगून ठेवलंय: रेडिओ ८०२.३एएफवर चालणाराच, आणि तो यूपीएसवरच्या स्विचमधूनच. हजार-दोन हजार जास्त गेले तरी चालतील.

मधला ॲक्सेस पॉइंट आता रिकामाच आहे. निम्म्या किमतीत द्यायला मालक तयार आहेत. पिंपरी-चिंचवडमधलंच गिऱ्हाईक हवं, येऊन चालू करून बघा आणि घेऊन जा; कुरियरची कटकट मी करणार नाही.