गाडीतला हॅम रेडिओ: गाडीच्याच बॅटरीवर की वेगळ्या?

हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा १०० वॉटचा एचएफ (शॉर्टवेव्ह) सेट बोलताना २० अँपिअरच्या आसपास ओढतो, नुसता ऐकताना जेमतेम १-२. त्यामुळे सिगारेट लायटरचं सॉकेट विसराच, त्याला एवढा करंट झेपत नाही.

गाडीच्या बॅटरीवरून थेट जाड वायर ओढणं सोपं आणि स्वस्त. फ्यूज मात्र बॅटरीला अगदी लागून हवा. सेटजवळचा फ्यूज मधल्या वायरीला वाचवत नाही. इंजिन चालू असलं की १३.८ व्होल्टच्या आसपास मिळतात, सेट खूश. बंद केलं की बॅटरी १२.६ वर येते, पीटीटी (बोलायचं बटण) दाबताच आणखी खाली. त्यात वायर बारीक असली तर डिस्प्ले मिणमिणतो आणि समोरचा म्हणतो, आवाज फाटतोय. गप्पा रंगल्या तर नंतर स्टार्टर नुसता टक-टक करतो. (मी भोगलंय.)

वेगळी २० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बसवली की ही धास्ती संपते, व्होल्टेजही बरंच स्थिर राहतं. पण ती अल्टरनेटरला (इंजिनावर चालणाऱ्या जनित्राला) थेट जोडू नये, मध्ये तिला योग्य व्होल्टेज देणारा डीसी-डीसी चार्जर लागतो. तो हलक्या दर्जाचा निघाला तर रिसीव्हरमध्ये खरखर ठरलेलीच.

चालत्या गाडीतून बोलणाऱ्याला पहिला पर्याय पुरे. इंजिन बंद करून डोंगरमाथ्यावर तासन्‌तास बसणार असाल, तर दुसरा खर्च कराच.