चकचकीत पायलट की डागाळलेली जनता?

एचएमटीचं जुनं घड्याळ ऑनलाइन शोधायला बसलात की हजार-दीड हजाराच्या आसपास दोन तऱ्हेचा माल दिसतो. एक म्हणजे 'पायलट' नावाचं आरशासारखं चमकणारं मॉडेल. तिच्या मथळ्यात 'व्हिंटेज', 'सर्व्हिस केलेली', 'न वापरलेली' असं सगळं एकदमच लिहिलेलं असतं. दुसरं मॉडेल 'जनता', पिवळट डायलची, काचेवर ओरखडे आणि खाली एवढंच, 'चालू आहे'. माझ्याकडे दोन्ही आहेत, दोन्ही आलटून पालटून हातात असतात.

दोन्हीत १७ ज्वेल्स, म्हणजे मशीनची झीज कमी करणारे बारीक खडे, आणि दोन्हीला रोज चावी द्यावी लागते. दोन्हीच्या पोटात मशीनही एकच, ०२३१ नंबरचं. म्हणजे मशीनवरून निवडायचं काही उरत नाही. भांडण आहे ते डायलचं.

पायलटच्या बाजूने बोलायचं तर दिसायला ती झकासच. काळी डायल, ठसठशीत पांढरे आकडे, चष्मा घरी राहिला तरी वेळ कळते. लग्नात घालून गेलं की चार जण हात धरून बघतात. जनता घातली तर फार तर एखादा विचारतो, "आबाजीची घडी हाय का जी?"

पण हीच पायलट लाल, हिरव्या, निळ्या डायलमध्येही मिळते आणि तिथूनच मला डायल मागाहून रंगवल्याची शंका येते. गावाकडच्या घरांत मी ज्या जुन्या पायलट पाहिल्या त्या सगळ्या काळ्या. शिवाय एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय केंद्राने २०१६ साली घेतला. त्यानंतर दुकानांच्या कपाटांतून थोडा कोरा माल निघाला असेल, नाही असं नाही. पण एकाच विक्रेत्याकडे एकसारख्या वीस 'न वापरलेल्या' पायलट दिसल्या तर तो माल कपाटातला नाही, रंगवणाऱ्याच्या टेबलावरचा आहे असं मी धरून चालतो.

रंगवलेली डायल फोटोतही ओळखू येते. अक्षरांच्या कडा फुगलेल्या असतात, शाई थोडी पसरलेली दिसते. मिनिटांच्या रेघा कुठे जाड, कुठे बारीक. सहाच्या खाली अगदी काठाला जी बारीक छपाई असायला हवी ती गायब असते, नाहीतर वाचता येत नाही. आणि मागचं झाकण बघाच. त्यावरची अक्षरं घासून पुसट झालेली आणि डायल मात्र काल छापल्यासारखी, असं असेल तर दोघांचं वय जुळत नाही. पॉलिश करणाऱ्याने केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवचही इतकं घासलेलं असतं की पट्टा अडकतो तिथल्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल होतात.

एवढं सगळं मी चालवून घेतलं असतं. डायल रंगवणं हा काही गुन्हा नाही, गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून घड्याळजी पूर्वीपासून ते करून देतात. माझं मन उडालं ते वेगळ्याच गोष्टीने. माझ्या पायलटची डायल फिरते.

डायलच्या मागे दोन बारीक पाय असतात. ते मशीनच्या प्लेटमधल्या भोकांत बसतात आणि बाजूच्या स्क्रूने आवळले जातात. रंगवताना जुना रंग खरवडला जातो, त्यात हे पाय तुटतात. कधी डायल दुसऱ्याच घड्याळाची असते, पाय भोकांत बसत नाहीत म्हणून मुद्दाम कापतात. मग डायल गोंदाने किंवा दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपने बसवतात. माझ्या घड्याळात टेप निघाली. तिच्या जाडीने डायल वर उचलली गेली, त्यामुळे तासकाटा बुडाशी घासून अधूनमधून घड्याळ थांबतं. ते सोडा. बारा वाजता दोन्ही काटे बरोबर एकावर एक येतात, पण बाराचा आकडा त्यांच्या डावीकडे सरकलेला. साडेनऊला मोठा काटा सहाला न थांबता थोडा पुढे गेलेला. वेळ बरोबर असते हो, पण दर वेळी मनात एक मिनिट वजा करावं लागतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की ते एक मिनिट दीडचं होतं. टेप सैल होत असावी, दुसरं कारण मला तरी दिसत नाही.

तालुक्याला एसटी स्टँडजवळ बसणाऱ्या घड्याळजींना दाखवलं. त्यांनी भिंग लावलं, झाकण उघडलं आणि लगेच बंद केलं. "पायच नाही हिला, उभी कशी राहील?" नवे पाय लावायचे तर डायलला उष्णता द्यावी लागते आणि वरचा रंग करपतो, म्हणजे पुन्हा रंगवणं आलं.

म्हणून घेण्याआधी विक्रेत्याला एकच सांगा: बरोब्बर बारा वाजवून समोरून फोटो पाठवा. लहान-मोठा काटा एकमेकांशीच जुळत नसेल तर घाबरू नका. काटे नीट दाबून बसवलेले नाहीत एवढंच, कुठलाही घड्याळजी ते चहा होईस्तोवर करून देतो. पण काटे आपसात जुळतात आणि बाराशी जुळत नाहीत, तर डायल चिकटवलेली असण्याचीच शक्यता जास्त. त्या वाटेला जाऊ नका. परत पाठवणं शहरात सोपं असेल. आमच्याकडे कुरिअरवाला गावात येत नाही, तालुक्याहून फोन करतो, 'येऊन घेऊन जा'. परत द्यायलाही तीच एसटी, वर त्या दिवसाची मजुरी बुडते.

आता जनताचे दोष. संध्याकाळी वेळ बघायची तर दिव्याखाली जावं लागतं. माझ्या डायलवर चारच्या बाजूला ओलीचा तपकिरी डाग आहे, तो निघणार नाही. असल्या डागाळलेल्या घड्याळात मशीनलाही गंज असू शकतो, म्हणून इथे दुसरा फोटो मागा: झाकण उघडून, चावीचा दांडा आत जातो त्या बाजूचा. तिथे तांबूस दिसलं तर किंमत पाडा, नाहीतर सोडून द्या. साफसफाई करून तेल द्यायचा खर्च वेगळा धरा. आणि चावी मूळची नसली तर मनाला लावून घेऊ नका, ती झिजतेच.

पण जनताची डायल आपल्या पायांवर उभी आहे. देवनागरीतला 'जनता' हा शब्द थोडा उडालाय, तरी रेघ रेघेच्या जागी आहे. एखादा पार्ट गेला तर मिळतो, कारण एचएमटीने ही घड्याळं इतकी काढली की घड्याळजींच्या डब्यात दोन-चार मेलेल्या जनता पडलेल्याच असतात.

भाच्याला लग्नात द्यायची असेल, वर्षातून चार वेळा मिरवायची असेल, तर पायलट घ्या, मी नको म्हणणार नाही. बाराचा फोटो तेवढा बघा. रोज शेतावर, बँकेत, बाजारात वापरायची असेल तर माझा कौल जनताकडे झुकतो. शंभर-दोनशे जास्त मागितले तरी द्या, फक्त विक्रेत्याला आधी लिहून कळवा की डायल आहे तशीच हवी, पाठवण्याआधी 'थोडं चमकवून' देऊ नका. काही जण न विचारताच ते करून पाठवतात.