निकोटिन गम, सहा महिन्यांनंतर: सिगारेट न ओढणाऱ्यांसाठी

2 मिलिग्रॅमचा गम, आठवड्यातून जास्तीत जास्त दोनदा, हेतू फक्त लक्ष टिकवण्याचा. परिणाम होतो, पण लोक ज्या आशेने घेतात तो नाही.

प्रुफं तपासणं, आकडे जुळवणं अशा एकसुरी कामात नजर कमी घसरते. 41 चाचण्यांच्या 2010 च्या एकत्रित विश्लेषणातही सतर्कता आणि प्रतिक्रियेचा वेग यांत सुधारणा दिसली होती. अवघड कोडं सुटायला किंवा काही नवं सुचायला मात्र त्याची मदत नाही. ज्याचं लक्ष मुळातच पक्कं, त्याचं काम उलट बिघडूही शकतं.

बहुतेकांची चूक चघळण्यात होते. हा साधा च्युइंग गम नव्हे. जिभेला झिणझिण्या आल्या की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, झिणझिण्या ओसरल्या की पुन्हा दोन-चार चावे. असा अर्धा तास. भराभर चावला की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, तिथून बरंचसं यकृतात निकामी होतं, आणि पदरात पडतात उचक्या नि मळमळ. आधीची पंधरा मिनिटं कॉफी, सरबत, सोडा बंद: तोंड आंबट असलं की निकोटिन गालातून नीट शोषलं जात नाही.

रक्तातली पातळी शिखराला पोचायला अर्धा तास लागतो, म्हणून कामाला बसण्याआधीच गम तोंडात हवा. दर दोन तासांनी पातळी साधारण निम्मी होते. संध्याकाळी घेतला तर झोप उडते आणि कमावलेल्या लक्षाची किंमत दुसऱ्या दिवशी मोजावी लागते.

कातडीवर चिकटवायचा निकोटिनचा पॅच आम्हाला पटला नाही. मळमळू लागलं म्हणून काढला तरी कातडीत साठलेलं काही काळ झिरपतच राहतं.

खरी गोम रोज घेण्यात आहे. मेंदूत निकोटिन जिथे चिकटतं ती ग्राही केंद्रं वाढतात, गम चुकला की चिडचिड होते, मन भरकटतं. मग पुढचा गम ते भरकटणं थांबवतो आणि आपल्याला वाटतं, लक्ष वाढलं! तपासायचं तर तीन दिवस पूर्ण बंद ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त चुका होऊ लागल्या, तर गम आता फक्त स्वतःचंच देणं फेडतोय.

हृदयविकार, गरोदरपण किंवा कोवळं वय असेल तर हा प्रयोग नकोच. चघळलेल्या गममध्येही निकोटिन उरतं. कागदात गुंडाळून, मुलांच्या नि कुत्र्याच्या तोंडी लागणार नाही असा टाका.