स्वस्त मल्टिमीटर काही महिने वापरल्यानंतर: आधी बझर ऐका, फीचर्स नंतर बघा

मल्टिमीटरच्या लाल प्रोबची (मोजायला टेकवायच्या टोकदार काडीची) वायर गेली म्हणून शेवटी हे लिहायला बसलोय. वरून काही दिसत नाही, पण वायर हँडलमध्ये शिरते तिथे बोटाने दाबलं की स्क्रीनवर ०.३ ओहम आणि सोडलं की ओएल (म्हणजे जोड तुटलेला). आतली तार तुटलीये, वरचं प्लॅस्टिक शाबूत. विक्रेत्याला कळवलं तर म्हणे वॉरंटी मीटरची आहे, प्रोबची नाही. अरे मग प्रोबशिवाय मीटरचं करायचं काय? भरपूर वाद घातला, उपयोग शून्य.

६००० काउंट (स्क्रीनवर ५९९९ पर्यंत आकडे), ऑटोरेंज (रेंज आपोआप निवडणं), ट्रू आरएमएस (वेड्यावाकड्या एसीचंही बरोबर मोजमाप) ही याची फीचर्स सगळ्यांना माहितीयेत. ट्रू आरएमएसचं मला आजवर कामच पडलं नाही. रिमोट, चार्जर, स्पीकर, एलईडी दिवे असली दुरुस्ती, त्यात बहुतेक डीसी व्होल्टेज आणि कंटिन्युइटी (जोड सलग असेल तर बझर वाजवणारा मोड). ५ व्होल्टच्या जागी ५.०३ दाखवलं काय नि ५.०६ काय, फरक पडत नाही.

फरक पडतो तो बझरने! कनेक्टरच्या पिनांवरून प्रोब सरकवत नेताना नजर बोर्डवर असते, स्क्रीनकडे बघितलं की हात हलतो, त्यामुळे सगळा भरवसा कानावर. आणि याचा बझर टेकवल्यावर जरा थांबून वाजतो, तोवर प्रोब पुढच्या पिनवर गेलेला, मग परत मागे या, परत टेकवा, वैताग नुसता. त्यात आवाज घरघरता, म्हणजे कनेक्शन कच्चं आहे की मीटरच तसा हे कळेना. शिवाय हा ५० ओहमच्या खाली काहीही वाजवतो, ८ ओहमच्या स्पीकरची कॉइलसुद्धा शॉर्टसारखीच वाजते, तिथे ओहमवर टाकून आकडा बघावाच लागतो.

इथपर्यंत मी पाचात दोन देणार होतो. मग सिलिकॉनच्या वायरचे, सुईसारख्या टोकाचे प्रोब वेगळे घेतले (नाइलाजाने, हा खर्च डोक्यात नव्हता) आणि घरघर एकदम बंद. जुनी टोकं बोथट होती, फ्लक्सच्या (सोल्डरिंगनंतर उरणाऱ्या चिकट पदार्थाच्या) थराखाली पोचतच नव्हती. सोल्डरिंग आयर्न लागलं तरी ही वायर वितळत नाही. उशीर मात्र तेवढाच आहे, तो मीटरच्या आतला. तरी तीन देतो.

एक गोष्ट मनापासून आवडली, डायोड मोडवर (डायोड तपासायच्या सेटिंगवर) साधी पांढरी एलईडी मंद पेटते. बऱ्याच स्वस्त मीटरवर तेवढं व्होल्टेजच येत नाही. स्ट्रिपमधली मेलेली एलईडी यामुळे पटकन सापडते. दिव्यातल्या काही एलईडींच्या आत एकापेक्षा जास्त चिप सिरीजमध्ये असतात, त्या नाही पेटत.

बॅटरीचं चिन्ह आलं की लगेच बदला, असले मीटर उतरलेल्या बॅटरीवर व्होल्टेज चक्क जास्त दाखवतात, चांगला चार्जर बिघडलेला वाटतो. आणि १० अँपिअरच्या जॅकशेजारी 'अनफ्यूज्ड' (आत फ्यूज नाही) लिहिलेला मीटर मेन्सवर, म्हणजे घरच्या विजेवर, लावूच नका, कितीही स्वस्त मिळो.

घेताना एवढं करा, कंटिन्युइटीवर टाकून दोन्ही टोकं एकमेकांवर भराभर टकटक आपटा. जेवढ्या वेळा आपटाल तेवढ्या वेळा सुटासुटा वाजला तर घ्या, आवाज गिळला तर ठेवा तिथेच.