ॲस्ट्रो कंपास मार्क २: घ्यावा का, आणि खरा ओळखायचा कसा

जुन्या विमानांची नॅव्हिगेशनची यंत्रं जमवायला सुरुवात करायची असेल तर ॲस्ट्रो कंपास मार्क २, म्हणजे सूर्य-ताऱ्यांवरून दिशा सांगणारं यंत्र, त्यापासून करा, माझं मत अगदी स्पष्ट आहे. मी इंग्लंडमधल्या एका सरप्लस (सैन्याचं जुनं सामान) विकणाऱ्याकडून ऑनलाइन मागवला, आता पुण्यात गच्चीवर वापरतो, आणि दुसऱ्या महायुद्धातली वस्तू आजही इतकी अचूक चालते हे बघून दरवेळी तितकाच आनंद होतो.

जाहिरातीत मात्र "स्पिटफायरमधला सेक्स्टंट" असं लिहिलेलं होतं आणि असं सर्रास लिहितात. सेक्स्टंट सूर्याची किंवा ताऱ्याची उंची मोजतो, त्यावरून आपण कुठे आहोत ते काढतात. ॲस्ट्रो कंपास उंची मोजतच नाही, तो फक्त विमानाचं नाक खऱ्या उत्तरेपासून किती अंशांवर आहे तेवढं सांगतो. आणि स्पिटफायर म्हणजे एकट्या माणसाचं विमान, पायलट विमान उडवेल, लढेल की आकडे लावत बसेल? हे यंत्र लँकेस्टरसारख्या मोठ्या बॉम्बर्सचं, पाठीवर जो पारदर्शक घुमट असायचा, ॲस्ट्रोडोम, तिथे स्टँडवर बसवून नॅव्हिगेटर वापरायचा. बॉम्बरमध्ये एवढं लोखंड, तोफा, बॉम्ब, की साध्या चुंबकीय कंपासवर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नसे, मग तो ताडून बघायला हे.

म्हणून विकणाऱ्याचं वर्णन बाजूला ठेवा आणि यंत्रावरची प्लेट वाचा, ओळख सगळी तिथेच असते. माझ्या प्लेटवर रेफरन्स नंबर आहे ६ए/११७४. ६ए किंवा ६बी ने सुरू होणारा नंबर म्हणजे ब्रिटिश एअर मिनिस्ट्रीच्या (हवाई खात्याच्या) स्टोअर्समधलं यंत्र, बऱ्याच यंत्रांवर मुकुट आणि खाली ए.एम. असा शिक्काही असतो. पण त्याच प्लेटवर बनवणाऱ्याचं नाव आहे स्पर्टी, सिनसिनाटी, ओहायो! म्हणजे नंबर ब्रिटिश, माल अमेरिकन. ओहायोमधल्याच डेटनच्या डब्ल्यू. डब्ल्यू. बोज कंपनीचेही मिळतात. एका छोट्या प्लेटवर दोन देशांची युद्धकाळातली भागीदारी वाचायला मिळते आणि मला तरी या छंदातला सगळ्यात मोठा आनंद हाच वाटतो.

बाकीच्या यंत्रांनाही हेच लागू. नंबर एएन ने सुरू झाला तर अमेरिकन आर्मी-नेव्हीचा. एफएल आणि पुढे आकडे असतील तर जर्मन, त्यावर आस्कानिया, बर्लिन दिसलं तर उत्तमच. रशियन अक्षरं तर लगेच कळतात. आणि चार-दोन-तीन-चार असा तेरा आकड्यांचा नंबर असेल, समजा ६६०५-९९ ने सुरू होणारा, तर ते महायुद्धातलं लेबल नाहीच. ती नाटोची पद्धत, ६६०५ म्हणजे नॅव्हिगेशनची यंत्रं आणि ९९ हा ब्रिटनचा कोड, आणि तेरा आकडे आले १९७४ पासून. यंत्र जुनं असून नंतर नवीन लेबल लागलेलं असू शकतं, पण "वॉर टाइम" म्हणून जास्त पैसे मागत असतील तर हा नंबर दाखवून विचारा.

आपल्याकडे चोर बाजारात वगैरे चकचकीत पितळी सेक्स्टंट दिसतात ना, "केल्विन अँड ह्यूज, लंडन, १९१७" असं कोरलेले, ते शोभेचे समजूनच घ्या. केल्विन अँड ह्यूज ही कंपनी त्या नावाने उभी राहिली १९४७ साली, मग १९१७ येईल कुठून! शिवाय विमानातला सेक्स्टंट असा नसतोच, वरून क्षितिज नीट मिळत नाही म्हणून त्यात बुडबुड्याचं कृत्रिम क्षितिज असतं. ह्यूजचा मार्क ९ किंवा अमेरिकन ए-१० चे फोटो एकदा बघून ठेवा, परत फसणार नाही.

आता वापर. खाली लेव्हलिंगचे स्क्रू आणि दोन स्पिरिट लेव्हल, त्यावर अंशांची चकती, मग अक्षांश, होराकोन (सूर्य आपल्या दक्षिणोत्तर रेषेपासून पश्चिमेकडे किती अंश सरकला) आणि क्रांती (सूर्य विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे) अशा तीन सेटिंग्ज. मी अक्षांश साडेअठरा लावतो, सूर्याची क्रांती आणि ग्रीनिचचा होराकोन अल्मनॅकमधून (सूर्य-ताऱ्यांच्या स्थितीची कोष्टकं असलेलं पुस्तक) घेतो, त्यात पुण्याचे साधारण ७४ पूर्व रेखांश मिळवतो. वेळ नीट घ्या, चार मिनिटं चुकली की होराकोन पूर्ण एका अंशाने चुकतो आणि भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करायला विसरू नका. मग चकती फिरवायची, यंत्रावरच्या पट्टीची सावली पडद्यावरच्या दोन रेघांच्या मध्ये आली की झालं, खरी उत्तर समोर. होराकोनाला उत्तर आणि दक्षिण गोलार्धाच्या दोन वेगळ्या स्केल आहेत, आपण उत्तरेची वाचायची.

मेच्या मध्यावर, शून्य सावली दिवसाच्या आसपास, भर दुपारी मात्र नादी लागू नका. सूर्य डोक्यावर असला की यंत्र कसंही वळवलं तरी सावली जवळपास तिथेच राहते, दिशा मिळणार कुठून. सकाळी नाहीतर संध्याकाळी फार सुंदर काम करतो. खरं तर याची जागा ध्रुवाकडची, तिथे सूर्य कायम खाली आणि चुंबकीय कंपास बेभरवशाचा. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी ट्रॅक्टर घेऊन ४ जानेवारी १९५८ ला दक्षिण ध्रुवावर पोचले तेव्हा दिशेसाठी ॲस्ट्रो कंपासच वापरला होता. महाराष्ट्रात खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यात अंशभराचाही फरक नाही, त्यामुळे इथे एक फायदा असा की साध्या कंपासशी लगेच ताडून बघता येतं, माझा बरोबर जुळतो.

रेडियमबद्दल गांभीर्याने सांगतो. त्या काळच्या बऱ्याच यंत्रांवर अंधारात चमकणारा, किरणोत्सर्गी रेडियमचा रंग असायचा, पी-८ सारख्या कॉकपिटमधल्या कंपासवर तर हमखास. आज चमकत नाही म्हणजे निर्धोक झालं असं अजिबात नाही, रंगातलं चमकणारं झिंक सल्फाइड मेलेलं असतं, रेडियमला अर्धं व्हायला सुमारे १६०० वर्षं लागतात. काच उघडू नका, रंग खरवडू नका, मुलांच्या हातात देऊ नका.

किंमत पी-८ किंवा चांगल्या बबल सेक्स्टंटपेक्षा बरीच कमी पडते, म्हणूनही हा आधी घ्या. घेताना प्लेटचा जवळून फोटो मागा, दोन्ही लेव्हलमध्ये बुडबुडा आहे का विचारा कारण त्या नळ्या फुटलेल्या किंवा सुकलेल्या खूप निघतात, सगळे नॉब फिरतात का याचा व्हिडिओ मागा, आणि मूळ पेटी मिळत असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. पॉलिश करून चकाचक केलेला मात्र घेऊ नका, काळा रंग आणि प्लेटवरची अक्षरं गेली की तो कुठला, कोणी बनवलेला, ते परत कधीच कळत नाही.